मऊ आहे, एवढंच सांगितलं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सावंतवाडीच्या बाजारात एका औषधांच्या दुकानात मी काउंटरवर उभी असते. एकाच माणसाने एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की माझा आवाज चढतो. पंधरा वर्षं हेच करतेय. सकाळी ही, रात्री ती, जेवल्यावर, उपाशीपोटी. चार शब्दांत सांगायचं आणि पुढच्याला बोलवायचं. बाबा म्हणायचे, "तुझ्या तोंडाक भिऊनच लोक बरे होतत." मी हसायचे. अभिमानच वाटायचा म्हणा ना.

त्याच चार शब्दांच्या सवयीपायी बाबा गेले, असं मला वाटतं. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, गावातलं कोणी तसं म्हणत नाही. मी म्हणते.

बाबा गणपती करायचे. घराला लागून पत्र्याची लांब पडवी आहे, तीच आमची गणपतीची शाळा. आषाढात लोक आपापल्या घरचा पाट डोक्यावर घेऊन येतात, पाटावर नारळ आणि विडा. त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडतो आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जातो. पाटावर नाव लिहिलेलं नसायचं. कुठला पाट कुणाचा हे बाबांना लाकडावरून कळायचं, कोपरा उडालेला अमक्याचा, फणसाचा तो तमक्याचा. साच्यातले गणपती त्यांनी कधी केले नाहीत. माती भिजवायची, कापूस घालून कुटायची, मळायची आणि हाताने उभा करायचा. पावसाळ्यात माती लवकर सुकत नाही, म्हणून काही मूर्तिकार मोठे दिवे लावून, शेगड्या ठेवून मूर्ती सुकवतात. बाबांना त्याचा भयंकर तिटकारा. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या मूर्तीवर हात ठेवून म्हणायचे, "मऊ आसा तोवर आपल्या हातात आसा. घाईत घट्ट केलो की तडो गेलोच." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकूच येत नव्हतं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. तीन वर्षांपूर्वी बाबांचे धाकटे भाऊ मुंबईत ऑफिसच्या जिन्यात बसले ते उठले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत माती कुटताना बाबा मध्येच थांबायला लागले. छातीत दुखत नाही म्हणायचे, फक्त "वायच दम लागता." मी ईसीजी काढायला लावला, त्यात काही नव्हतं. पण काकांचं डोक्यातून जात नव्हतं. चतुर्थी आणि विसर्जन उरकलं, तसं मी बाबांना गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन सांगितला. अँजिओग्राफीसारखी तार घालायची नाही, हातातून औषध सोडायचं आणि फोटो काढायचे, एवढंच.

बाबांना ते सगळं गंमतीचंच वाटलं. नाडी हळू व्हावी म्हणून आधी गोळी दिली आणि तासभर बसवून ठेवलं. बाबा तिथल्या भिंतीकडे बघत म्हणाले, "हेंनी गिलावो काय बरो नाय केलेलो." आत श्वास रोखून धरा म्हणाले, तर ह्यांनी इतका रोखला की सोडा म्हटल्यावरही सोडेनात. आतला माणूस हसत बाहेर येऊन मला सांगून गेला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आंगात गरम पाणी सोडल्यासारखा झाला. डोळे आखताना श्वास धरूची सवय आसा माका, तेंका काय म्हायत." गणपतीचे डोळे आखताना बाबा खरंच श्वास घेत नसत.

औषध अंगातून निघून जावं म्हणून त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. त्यामुळे रिपोर्ट आला तेव्हा बाबा सारखे मुतारीकडे फेऱ्या घालत होते. मीच म्हटलं, तुम्ही बसा, मी ऐकून येते. आत एकटी गेले. आज कितीदा मनात येतं, पाच मिनिटं थांबले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाबांच्या धमन्या दाखवल्या. त्यांनी घाई केली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा कमी आलाय, म्हणाल्या, पण त्यावर खूश होऊ नका. मोठ्या डाव्या धमनीत चरबीचा एक थर आहे. रस्ता निम्मासुद्धा अडलेला नाही, म्हणून आज स्टेंट नको, ऑपरेशन नको. पण हा थर मऊ आहे. कडक झालेला थर जागच्या जागी बसून राहतो. मऊ थर कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते. "आम्ही हे फोटो आजच्यासाठी बघत नाही, पुढच्या पाच-दहा वर्षांसाठी बघतो," असंही म्हणाल्या. मग गोळी लिहून दिली. ह्या गोळीने चरबी कमी होईल आणि थर हळूहळू घट्ट होईल, वरचं कवच जाड होईल. रोज रात्री एक, जन्मभर. तीन महिन्यांनी रक्त तपासा.

ती गोळी मी रोज शंभर हातांत देते. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. उलट छातीवरचा दगड उतरला. स्टेंट नाही, ऑपरेशन नाही, घरी चला.

येताना बांद्याला एसटी थांबली तिथे आम्ही उसळपाव खाल्ला. मी सकाळपासून उपाशी होते आणि उपाशी असले की मी माणसात नसते. दुकानातून दोनदा फोन येऊन गेला होता. बाबांनी विचारलं, "डाक्टरीण काय सांगल्यान गो?"

मी म्हटलं, "शिरेत थर आसा. मऊ आसा. कडक झालेलो नाय."

"मऊ म्हणजे ओल्या मातयेसारको?"

"व्हय, तसोच."

बाबांचा चेहरा असा सैल झाला की मलाही बरं वाटलं. "मगे बरा," म्हणाले. पावाचा तुकडा मोडला आणि परत थांबले. "आणि गोळी कित्याक?"

"गोळयेन तो घट्ट होतलो."

"घट्ट?"

"व्हय. घट्ट होवक होयो."

त्यांनी मोडलेला तुकडा बशीत ठेवला. मग म्हणाले, "घट्ट झाल्यार तडो नाय जावचो?" आणि मी, त्यांची लेक, औषधांच्या दुकानातली, काय म्हणाले? "बाबा, तुमका जास्त कळता की डाक्टरीणीक? गप गोळी घेवा." बाबांनी उसळ संपवली. बशीतला रस्साही त्यांनी पावाने पुसून घेतला.

बांद्याच्या पुढे डोंगर कापलेला आहे, तिथे पावसाने रस्त्यावर माती आली होती आणि गाडी तासभर उभी राहिली. मी खिडकीशी बसून चरफडत होते. बाबा इतर बाप्यांबरोबर खाली उतरून बघून आले. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही घरी पोचलो.

त्यानंतरचे दहा महिने चांगले गेले. दर महिन्याला गोळ्या मीच आणायचे. रिकामी पाकिटं बाबा माझ्या हातात आणून द्यायचे, न मागता. मी बोटाने चाचपून बघायचे, सगळे फुगे फुटलेले. माझ्यासारख्या संशयी बाईलासुद्धा त्यात काही दिसलं नाही. रक्ताची तपासणी आज करू, उद्या करू करत राहून गेली. शिमगा आला, मग काजूचे दिवस आले, मग माती आणायची वेळ झाली. मी रागावले की ते म्हणायचे, "माका काय झालाहा? बघ, पायरेवरसून उडी मारून दाखवू?" आणि खरंच त्यांची तब्येत बरी दिसत होती. आनंदात होते. आजाराची भीती म्हणून त्यांना नव्हतीच, आणि मी म्हणत होते, बघा, एक गोळी माणसाला किती धीर देते.

श्रावण लागला तेव्हा शाळेत सगळे पाट भरले होते. कुणाची फक्त बैठक झालेली, कुणाची सोंड बाकी. आमच्या घरचा गणपती नेहमीप्रमाणे शेवटचा, त्याचं धड तेवढं तयार होतं. सकाळी मी डबा भरत होते. माती मळल्याचा थप थप आवाज येत होता तो थांबला. चहाला हाक मारली, उत्तर नाही. बाहेर आले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, कपाळ घामाने डबडबलेलं, डावा हात उजव्या हाताने धरलेला. हाताला माती होती. म्हणाले, "वायच हात भरान इलो."

मला कळलं. अशा वेळी जी गोळी चघळायला देतात ती दिली, शेजाऱ्याची रिक्षा बोलावली. बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. सावंतवाडीचा तलाव दिसायच्या आधी त्यांनी एकदा डोळे उघडले आणि म्हणाले, "फडकी ओली कर गो." त्यानंतर बोलले नाहीत. दवाखान्याच्या दारात रिक्षा उभी राहिली तेव्हा मला खांद्यावरच्या वजनावरून कळलं होतं. तरी मी आतल्या माणसांवर ओरडले. नाकावरचा राग, दुसरं काय.

सुतक चतुर्थीच्या आधी फिटत होतं. गावातल्या एकानेही पाट परत नेला नाही. बाबांबरोबर इतकी वर्षं रंगाचं काम करणारे शेजारचे काका दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, गणपती मी पुरे करतलंय, जमतीत तसे. मला म्हणाले, तू फक्त फडकी ओली ठेव. तेवढं मी करत होते. बादली घ्यायची, एकेक फडकं भिजवायचं, पिळायचं, परत मूर्तीवर घालायचं. बाबांनी शेवटचं सांगितलेलं काम होतं, आणि ते करताना निदान हातांना तरी काहीतरी करायला होतं.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काका सोंड घडवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका सांगू की नको, असा झालाहा माका." मग सांगितलं.

"तुझ्या बापाशीक मी म्हणी, गोळये खा रे बाबा. तर माका सांगता, चेडू माझा औषधांच्या दुकानात आसा, तेना स्वता सांगल्यान, शीर मऊ आसा. मऊ आसा तोवर भिया नाय. आणि ही गोळी ती घट्ट करता. घट्ट झाली की तडो जातलो. डाक्टरीणीन कधी माती मळल्यान नाय, तिका काय कळतला? चेडवाक सांगा नको म्हणालो, ता जीव थोडो करतला."

मी फडकं पिळत होते. पाणी पायावर पडत राहिलं.

काकांनी वर बोट दाखवलं. वाशाच्या खोबणीत बाबांच्या रंगाच्या करवंट्या ओळीने ठेवलेल्या असत. एका करवंटीवर दुसरी पालथी घातलेली होती. मी स्टुलावर चढून ती काढली. आत गोळ्या. पावसाच्या दमटीने विरघळून एकमेकींना चिकटलेल्या, पांढरा गोळा झालेला, वरच्या काही अजून सुट्या. फेकल्या का नाहीत कुणास ठाऊक. औषध फेकू नये असं मीच त्यांना सांगितलेलं असणार, मी सगळ्यांनाच सांगते.

मला बाबांचा राग आला. खरं सांगते, आधी त्यांचाच आला. पाकिटं रिकामी करून माझ्या हातात देत होते, माझ्याशी खोटं वागत होते, लहान मुलासारखं. मी ती करवंटी घेऊन मागीलदारी गेले आणि मोठ्याने त्यांना बोलले, ते असते तर बोलले असते तसं. तडा कसला जातो, शीर म्हणजे काय गणपती आहे? शेजारणीने ऐकलं असणार. मग बोलता बोलता मला बांद्याची उसळ आठवली. ओल्या मातीसारखा का, असं त्यांनी विचारलं होतं. तसाच, असं मी म्हणाले होते. तडा जाणार नाही का, हेही त्यांनी विचारलं होतं. आणखी कसं विचारायचं माणसाने? मी मागीलदारी तशीच खाली बसले. रडायला आलं ते पुष्कळ वेळ थांबलं नाही.

डॉक्टरीणबाईंना मी नंतर फोन केला. त्या म्हणाल्या, गोळी घेतली असती तरी खात्री देता आली नसती, धोका कमी झाला असता, इतकंच. दहा महिन्यांत मऊ थर किती घट्ट झाला असता हेही कोणी सांगू शकत नाही. चांगल्या मनाने म्हणाल्या. मला तेवढं पुरत नाही आणि जास्त सांगायला त्यांच्याकडेही काही नाही. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात सगळं दिसतं, थर कुठे आहे, किती लांब आहे, किती मऊ आहे. तो थर पुढे काय करू शकतो ते त्यांनी मला सांगितलं होतं. ते बाबांपर्यंत पोचवायचं काम माझं होतं, आणि मला भूक लागली होती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक आपापले गणपती घेऊन गेले. काकांनी डोळे बरे आखले होते, पण बाबांसारखे नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. आमच्या पाटावरचं धड कुणी पुरं केलं नाही. मी त्यावरचं फडकं ओलं करत राहिले, चतुर्थी होऊन गेल्यावरही. एक दिवस दुकानातून यायला उशीर झाला, दुसऱ्या दिवशी विसरले, आणि तिसऱ्या दिवशी बघितलं तर खांद्यापासून पोटापर्यंत तडा गेला होता. बाबा म्हणायचे तसाच, अगदी तसाच. त्यांच्या मातीबद्दल त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ती माती मी शेतात नेऊन सोडली आणि पाट धुऊन ठेवला.

आता दुकानात मी ती गोळी हातात देते तेव्हा विचारते, ही कशाला आहे ते तुम्ही मला सांगा. लोक वैतागतात. मागे रांग लागते, मालक बघतात. एका आजोबांनी परवा सांगितलं, "पित्तावर." आधीची मी असते तर कपाळावर हात मारला असता. त्यांना स्टूल दिलं आणि पहिल्यापासून सांगितलं. सांगताना मी प्रत्येकाला बांद्याच्या पुढच्या त्या रस्त्याची गोष्ट सांगते, कारण ती लोकांना लगेच कळते.

त्या दिवशी गाडी अडकली तेव्हा बाबा खाली उतरून बघून आले, हे वर लिहिलंय. परत येऊन माझ्या शेजारी बसताना ते काहीतरी बोलले होते. मी फोनवर दुकानाशी भांडत होते, तरी ते माझ्या कानावर पडलं होतं आणि आता पुसता पुसलं जात नाही. चप्पल झटकून ते म्हणाले, "डोंगरातली माती ओली झाली की धरून ऱ्हवत नाय गो. सुकान घट्ट आसती तर हालली नसती."

मी "हूं" म्हटलं आणि फोनवर बोलत राहिले.